कडेवरचं नाव

ही गोष्ट १९९५ ची. दुसरं महायुद्ध संपून पन्नास वर्षं झाली म्हणून इंदापुरात एका शाळेच्या हॉलमध्ये जुन्या लष्करी वस्तूंचं प्रदर्शन भरलं होतं. बाटल्या, पट्टे, संगिनी, सगळं बारामतीच्या मोहनरावांनी गावोगाव फिरून जमवलेलं.

आमच्या शेजारच्या रंगुबाईंचे सासरे कचरू पहिल्या महायुद्धात शिपाई होते. त्यांचा फोटो नव्हता. घरात त्यांची खूण म्हणून एक चांदीचं पदक तेवढं होतं. "कुठल्या पलटणीचं ते शोधून देतो, मावशी," म्हणत मोहनरावांनी ते वर्षापूर्वी नेलं आणि मग हरवलं म्हणून हात झटकले.

प्रदर्शनात लाल मखमलीवर चिकटवलेलं एक पदक बघून माझ्याबरोबर आलेल्या रंगुबाई थबकल्या.

"बाई, राजाचं नाक बघा. सासऱ्यानं त्याच्यावर सुपारी फोडून चेपलंय."

खाली चिठ्ठी होती : 'माझे आजोबा सुभेदार सावळाराम यांचे शौर्यपदक.' हे आजोबा जवळच्या भिगवणच्या पुढे कधी गेल्याचं कुणी ऐकलं नव्हतं.

"भांडू का?"

"नको," मी म्हणाले. "कौतुक करू."

मी शिक्षिका. फौजेतून निवृत्त झालेल्या एका विद्यार्थ्यानं मला सांगितलं होतं, पहिल्या महायुद्धाच्या पदकांच्या कडेवर शिपायाचं नाव ठोकलेलं असतं. ज्यानं पदक मखमलीला चिकटवलं, त्यानं कड कशाला बघितली असेल?

पाहुणे जमल्यावर मी विचारलं, "मोहनराव, कडेवर आजोबांचं नाव असेल ना? वाचून दाखवा की सगळ्यांना."

"असणारच." जाणकाराला नाही म्हणता येईना. त्यांनी पदक उचकटलं, भिंग लावलं आणि ऐटीत वाचायला लागले, "शिपाई... कचरू... एकशे अकरा महार पलटण..." आवाज तिथंच बसला.

पाटीलकी मिरवणाऱ्या मोहनरावांचा चेहरा त्या मखमलीसारखा लाल झाला. हॉलमध्ये कुणीतरी खोकलं.

रंगुबाई पदर सावरत पुढे झाल्या. "कचरू तुमचं आजोबा व्हय? मग मी सून त्यांची. तुमची चुलती झाले की. वाका, पाया पडा."

"मावशी, चिठ्ठी चुकून..."

"मावशी न्हाय, काकी म्हणा. न्हायतर पदक द्या."

त्यांनी पदक दिलं. रंगुबाईंनी ते कनवटीला खोचलं आणि उरलेलं प्रदर्शन सावकाश, प्रत्येक चिठ्ठी माझ्याकडून वाचून घेत पाहिलं. मोहनराव आमच्या मागं मागं फिरत होते, घाम पुशीत.

त्यानंतर त्यांनी आजोबांचं नाव काढलं नाही. ज्या वस्तूची माहिती नसे, तिथं 'माहीत नाही' लिहू लागले, आणि त्यामुळेच पुढे जाणकार म्हणून नावारूपाला आले. दहा वर्षांपूर्वी वारले. रंगुबाई त्यांच्या आधी गेल्या. पदक त्यांचा नातू रवींद्र सांभाळतो. तो लोणी देवकरला कारखान्यात आहे. मी अठ्ठ्याऐंशीची झाले, मुलीकडे बारामतीला असते, आणि अजून कुणी जुनी वस्तू दाखवली की आधी तिची कड चाचपते.