हिराजींच्या नौकेवरचा गंज

माघ सरत आला होता. उरणच्या मिठागरांवर ऊन उतरत होते, कोवळे, पांढरे, खारट ऊन. चौकोनाचौकोनांत साठलेले निश्चल पाणी, पाण्यात निळे आकाश, आकाशात एकच बगळा. आणि बांधाबांधावर रचलेल्या शुभ्र राशी. दूर मोरा बंदराकडून लाँचचा भोंगा येई आणि त्या शुभ्रतेत विरून जाई.

मिठागराकाठच्या घराच्या पडवीत, लांबलचक टेबलावर, एक युद्धनौका उभी होती. साडेतीन हात लांब, मेघवर्णी, उन्नत माथ्याची. हेमांगीने ती जोडली होती. आठवडाभर पनवेलच्या शाळेत चित्रकला शिकवायची आणि शनिवारी बाबांच्या घरी येऊन जोडकामाला बसायचे, असा तिचा नेम. परदेशातून आलेल्या खोक्यात अकराशे तुकडे होते. कणीएवढ्या खिडक्या, केसाएवढ्या तारा, नखाएवढ्या तोफा. चिमट्याने उचलायचे, श्वास रोखायचा, चिकटवायचे. एखादी तोफ उडून खाली पडली, की अर्धी दुपार ओणव्याने फरशी चाचपण्यात जाई. आठ महिने असे गेले.

हिराजी भोईर, तिचे बाबा, समुद्रापलीकडे नौदलाच्या गोदीत रंगारी होते. अडतीस वर्षे. पहाटेच्या लाँचने गेलेला माणूस दिवेलागणीनंतर परतायचा, अंगाला टर्पेंटाइनचा वास, नखांत राखाडी रंग. याच जातीच्या नौकेच्या अंगावर त्यांचे तारुण्य वेचले गेले. हेमांगीचे बक्षीस, हेमांगीचे गॅदरिंग, हेमांगीचा ताप, कशालाच ते नव्हते. "तू झालीस तवा पन तो रोजच्याच लाँचीनं आला," आई हसत सांगायची. लेकही हसायची, आणि ते वाक्य काट्यासारखे आत राहायचे. आई गेली. काटा राहिला.

या माणसाने आपल्यासाठी ती नौका एकदा तरी, अर्धा दिवस तरी, टाकली होती का? विचारायचा धीर नव्हता. म्हणून तिने नौकाच घरी आणली. निदान नौकेपाशी तरी येऊन बसतील. बाबा आले नाहीत. ओटीवर सुपारी कातरत, लांबूनच "बरा हाय" म्हणत राहिले.

आता उरले होते ते शेवटचे काम, नवीला जुनी करण्याचे. वारा, लाटा, वर्षे तिच्या अंगावर चढवायची. हेमांगीने आधी तांबडा रंग दिला, तो वाळल्यावर ओला हात फिरवला, मिठागरातलेच मीठ भुरभुरले, आणि त्यावर राखाडी थर चढवला. आता ती ओल्या ब्रशने एकेक खडा झाडत होती. खडा निघेल तिथून खालचा तांबडा वर येत होता. काठाकाठाने गंज फुलला. तांबूस, पिंगट, विटकरी गंज. सुंदर दिसत होता, खरेच.

टेबलावर सावली पडली. बाबा मागे उभे होते.

"काय लावतेस गो?"

"गंज, बाबा. जुनी दिसायला."

भरल्या ताटात कोणी माती टाकावी तसा त्यांचा चेहरा झाला. "आमी सगला जलम घालवला यो काढन्यान. न तू लावतेस?"

आठ महिन्यांनी जवळ आलेला माणूस, आणि पहिला बोल हा. हेमांगीचे डोळे भरले, आणि भरल्या डोळ्यांनीच ती बोलून गेली, "एवढं जपलंत तिला. माझ्यासाठी एक दिवस तरी सोडलीत का?"

बाबा स्टूल ओढून बसले. त्यांचे जाड, भेगाळ बोट नौकेच्या अंगावरून पुढे पुढे सरकत गेले आणि नांगराच्या भोकाखाली थांबले.

"हितं. तलहाताएवढा गंज ठोकून काढाचा रहला व्हता. शिपाई चिठी घेऊन आला, पोरगी झाली. हातोडी तितंच टाकली न शिडीवरशी उतरलू."

"पण आई म्हणायची, रोजच्याच लाँचीनं..."

"सुकती लागली व्हती. पानी नाय तर लाँच नाय. दोन वाजल्यापासून धक्क्यावं बसलू व्हतू. दुसरे दिवशी नौका गंज घेऊनच दर्यान जेली. सायब बोलला, हिराजी, तुझ्या कामान डाग?"

"तुम्ही काय म्हणालात?"

"काय नाय. लाज वाटली. न बरा पन वाटला."

ओसरलेला समुद्र, उघडा पडलेला चिखल, रिकामा धक्का. आणि पलीकडच्या धूसर किनाऱ्याकडे डोळे लावून बसलेला एक तरुण रंगारी. हेमांगीला तो दिसला. आयुष्यात पहिल्यांदा दिसला, आणि तिला त्याची अपार माया आली.

तिने तांबड्या रंगाची डबी पुढे केली. "तुम्हीच लावा, बाबा."

जन्मात कधी कुठल्या जहाजाला गंज न लावलेल्या माणसाने करंगळी बुडवली, आणि लावला.

मग तिने राखाडी रंग उघडला, आणि तो सुंदर, फुललेला, मेहनतीचा गंज एका कडेने झाकू लागली. बाबांनी दुसरा कुंचला उचलला, अंगठ्यावर त्याचे केस चाळवून पाहिले, आणि दुसऱ्या कडेने सुरुवात केली. कुंचले सरकत होते, थरावर थर, हातामागे हात. ऊन कलले तेव्हा ती नौका नितळ झाली होती, निर्मळ झाली होती, नखशिखान्त निष्कलंक झाली होती. आणि नांगराच्या भोकाखाली, मसुरीएवढा, तांबडा, एकच ठिपका उरला होता.