सफीच्या वतीने

इन्शिराहने फोन साखरेच्या डब्याला टेकवून उभा केला. तो घसरला. तिने पुन्हा उभा केला आणि डब्याच्या मागे पाण्याची बाटली लावली. पडद्यावर दोन चौकटी उघडल्या. एकीत अलेक्झांड्रियाच्या समुपदेशक डॉक्टर लुब्ना, मुलगी शोभेल अशा वयाच्या. दुसरीत सफिनाझ, तिची धाकटी बहीण. ती बरोब्बर हिच्या डोक्यावर, चौथ्या मजल्यावर, स्वतःच्या सोफ्यावर बसली होती.

"आवाज नीट येतोय ना?" डॉक्टरने विचारलं.

"दोनदा येतोय," सफिनाझ म्हणाली. "एकदा फोनमधून, एकदा डक्टमधून. तिला म्हणावं, स्वयंपाकघराची खिडकी लाव."

"माझ्या घरची खिडकी मी लावीन नाहीतर उघडी टाकीन. तिला म्हणावं, तू तुझे कान झाक."

हा तिसरा मंगळवार. आधीचे दोन असेच गेले होते. एकमेकींकडे न बघता, डॉक्टरला मधली भिंत करून दोघी तिच्यावर दगड मारत राहिल्या. परदेशात, दम्मामला नोकरीला असलेल्या भावाने, गलालने, ही अट घातली होती. सफिनाझच्या मुलीचं, नेस्रीनचं, लग्न पाच आठवड्यांवर आलं होतं. बाप गेलेल्या पोरीच्या वतीने निकाहाला मामाच बसायचा. "तुम्ही दोघी डॉक्टरसमोर सहा वेळा बसलात तर मी येतो," त्याने सांगितलं होतं. "एकाच जिन्यावरून पाठ फिरवून जाणाऱ्या बहिणींच्या घरात मी लग्नाचं सरबत पिणार नाही." पोरगी तेवढी दोन्ही मजल्यांवर फिरायची. खालाच्या, इन्शिराहच्या, फोनवर सगळं जुळवून तीच देऊन गेली होती.

"मागच्या वेळी आपण एका प्रश्नावर थांबलो होतो," डॉक्टर म्हणाली. "सफिनाझ मॅडम, तो तुम्ही तिला थेट विचाराल का? माझ्यामार्फत नको."

सफिनाझने ओढणी सारखी केली. मग पहिल्यांदाच सरळ पडद्यात बघितलं.

"आई गेली तेव्हा मला का नाही बोलावलंस?"

इन्शिराहने डब्यामागची बाटली सरकवली.

"अठरा पायऱ्या आहेत. अठरा! आईला अंघोळ घालायला परकी बाई आली, कफन झालं, आणि मला कळलं कधी? डक्टमधून कुराण लावल्याचा आवाज आला तेव्हा. हातात मुलूखियाच्या भाजीची जुडी होती माझ्या. शेजारीण माझ्याआधी रडत होती."

"या दारात पाऊल ठेवणार नाही असं कोण म्हणालं होतं?" इन्शिराहचा आवाज चढला. "मी म्हणाले होते? आख्ख्या शुब्रा मोहल्ल्याने ऐकलं होतं ते."

"म्हणाले होते! का म्हणाले होते तेही सांग की डॉक्टरला. माझा नवरा गेला. मम्दूहच्या मातमाला तीन दिवस लोक जिना चढत होते. दमेकरी चढले, लंगडे चढले. आई खाली बसून राहिली. जावयाशी भांडण होतं म्हणे. मेलेल्या माणसाशी कसलं भांडण?"

"तिचे गुडघे..."

"गुडघ्यांवर ढकलू नकोस! त्याच गुडघ्यांनी ती तेव्हा दर गुरुवारी बाजारात जात होती."

डॉक्टर काही बोलणार होती, पण इन्शिराहने हात वर केला. आठ वर्षं आईला उचलून, पुसून, भरवून तो हात मनगटात सुजला होता. ते कुणी विचारलं नव्हतं. वरून फक्त पावलं ऐकू यायची, टीव्ही ऐकू यायचा, मुलीबरोबरचं हसणं ऐकू यायचं. आज हिला रडवायचंच, असं तिच्या मनाने घेतलं. दीड वर्ष जे जिभेवर येऊ दिलं नव्हतं, ते हत्यारासारखं तिच्या हाताला लागलं.

"तुला ऐकायचंय ना? ऐक मग. शेवटचे चार दिवस ती तुझंच नाव घेत होती. सफी, सफी. पाणी पाजायला गेले तर सफी. कूस बदलली तर सफी. मी म्हटलं, सफी नाही आली, मी आहे. ती डोळे मिटून घ्यायची. घोट गिळायची नाही."

सफिनाझने चेहरा फोनजवळ आणला.

"तिसऱ्या दिवशी दुपारी मी म्हटलं, आले, आई. मी सफी."

"काय?"

"तिला दिसत कुठे होतं? तिने माझा हात धरला. म्हणाली, मम्दूहच्या वेळी मी वर यायला हवं होतं. दोनदा चप्पल घातली होती गं, म्हणाली. दोनदा दारापर्यंत गेले. लोक काय म्हणतील म्हणून मागे फिरले. मी तुझ्यावर राजी आहे, पोरी. तू माझ्यावर राजी हो, माफ कर मला."

सफिनाझ पुढे वाकून म्हणाली, "मग? तू काय म्हणालीस?"

"म्हटलं, राजी आहे, आई."

"माझ्या वतीने?"

"तुझ्या वतीने."

"तुला कुणी अधिकार दिला?" सफिनाझ उठून उभी राहिली. चौकटीत नुसतं तिचं पोट आणि हात दिसू लागले. "मी तिला माफ केलं नव्हतं! केलं असतं की नाही, ते माझं होतं. तिने माझी माफी मागितली आणि ती तू खाल्लीस. वर माझ्या नावाने उत्तरही दिलंस. चोर आहेस तू. मेलेल्या आईच्या उशाशी चोरी केलीस!"

"हो, केली."

"तेव्हाच हाक का नाही मारलीस? खिडकीतून एक हाक!"

"हाक मारली असती तर त्या खोलीत दोन सफी झाल्या असत्या," इन्शिराह म्हणाली.

सफिनाझ हळूहळू खाली बसली. तिचा चेहरा पुन्हा चौकटीत आला. ती काहीतरी मोजत असल्यासारखी बहिणीकडे बघत राहिली.

"आणि तुला? तुला काय म्हणाली?"

"मला?"

"तुला म्हणून. तुझं नाव घेऊन."

इन्शिराहने टेबलावरचे साखरेचे कण बोटाने एका जागी गोळा केले.

"मी नव्हतेच तिथे. तिच्या लेखी खोलीत तूच होतीस."

खाली रस्त्यावर गॅसवाला सिलिंडरवर पाना वाजवत निघून गेला.

"निकाहाला ये," सफिनाझ म्हणाली. आवाज तितकाच कडू होता. "नेस्रीन रोज डोकं खाते म्हणून सांगतेय. माझ्याशी बोलायचं नाही. पुढच्या रांगेत बसायचं. आणि ते मातमाचं काळं घालून येऊ नकोस. दीड वर्ष झालं, डोळे दुखतात बघून."

तिची चौकट नाहीशी झाली. वर सोफा करकरला, एक दार लागलं.

इन्शिराह आपल्या काळ्या बाहीकडे बघत बसली. डॉक्टर अजून पडद्यावर होती.

"आज का सांगितलंत त्यांना?"

"तिला लागावं म्हणून," इन्शिराह म्हणाली. खोटं बोलण्याइतकं त्राण तिच्यात उरलं नव्हतं.

"आणि तुम्ही कशा आहात?"

फोन बंद करायला तिने बोट पुढे नेलं होतं. ते तिने मागे घेतलं.

"अजून किती वेळ आहे?"

"बारा मिनिटं."

इन्शिराहने खुर्ची टेबलाजवळ ओढून घेतली.