एका तासाचं क्रीम

दवाखान्यात सुई दिसली की आपल्याकडे सल्ला ठरलेला असतो, "थोडं सहन करा." सल्ला देणाऱ्याचं काय जातं?

चंद्रकांता सिस्टरची तर हे शब्द ऐकले की तळपायाची आग मस्तकात जायची. भंडाऱ्यातल्या एका त्वचारोगाच्या दवाखान्यात ती कामाला होती. जखम भरल्यावरही वाढत राहणाऱ्या कडक व्रणात डॉक्टर शुभांगीताई इंजेक्शन द्यायच्या. ते फार झोंबतं. म्हणून आधी बधिर करणारं क्रीम लावून, वर प्लास्टिक चिकटवून तासभर थांबायचं. ते काम चंद्रकांताचं.

त्या सोमवारी आंधळगावची मंदाबाई आली, खांद्यावर भाजल्याचा व्रण घेऊन. सोबत तिची नात खुशबू होती. कान टोचल्यावर पोरीच्या कानाच्या पाळीवर तशीच गाठ वाढली होती. चंद्रकांतानं म्हातारीला लगेच ओळखलं. अकरा वर्षांपूर्वी चंद्रकांताच्या बाळंतपणाच्या वेळी ही तिथं आया होती. चंद्रकांता कळांनी विव्हळत असताना हिनं मांडीला चिमटा काढून सगळ्यांदेखत म्हटलं होतं, "कायले बोंबलून राहिली? बाईच्या जातीले सहन कराच लागते." तो अपमान चंद्रकांता एक दिवसही विसरली नव्हती.

मंदाबाईनं मात्र तिला ओळखलं नाही. "पोरगी लय भेते, सिस्टर," ती म्हणाली. "आधी मले टोचा. मले पाहून तिची हिंमत होईन."

बरी सापडलीस, चंद्रकांता मनात म्हणाली. तिनं हातापायाला लावायचं साधं क्रीम काढलं, खांद्यावर जाड थापलं आणि वर प्लास्टिक चिकटवलं. तो तासभर ती मोठ्या खुशीत होती. मध्ये एकदा तिनं म्हातारीला चहासुद्धा विचारला.

"तास झाला?" शुभांगीताईंनी विचारलं.

"झाला, मॅडम."

सुई आत गेली. मंदाबाई ओरडली नाही. तिनं पदर तोंडात कोंबला, डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. ते पाहायला चंद्रकांता मुद्दाम समोर उभी होती. तिला बरं वाटलं, अगदी मनापासून बरं वाटलं. पण दारातून खुशबूही पाहत होती. "मले नाही टोचाचं," म्हणत ती बाहेर पळाली.

शुभांगीताईंनी अर्ध्यातच हात थांबवला. काढलेलं प्लास्टिक उचलून हुंगलं. "हे काय लावलंस?"

चंद्रकांतानं सगळं ओकून टाकलं, मंदाबाईच्या तोंडावर.

"ती चुकलीच," शुभांगीताई म्हणाल्या. "पण तुझ्या हातात औषध होतं, ते तू रोखलंस. आणि भोगणार कोण? ती पोरगी आता दवाखान्याची पायरी चढेल का? पेशंट चांगला वागला असेल तरच त्याचं दुखणं कमी करायचं, असं कधी असतं का?"

मंदाबाईनं पदर तोंडातून काढला. "मलेही माह्या बाळंतपणात असंच म्हटलं होतं, बाई. मले वाटे, हेच बोलाचं असते. चुकलं माहं."

चंद्रकांताचा राग गेला नाही. अकरा वर्षांचा राग एका माफीनं जात नसतो. पण तिला स्वतःची लाज वाटली. धावत जाऊन तिनं ऑटोच्या थांब्यावर खुशबूला गाठलं. "तुह्या आजीले मी फसवलं, बेटा. दुखू नये म्हणून लावतात ते क्रीम लावलंच नव्हतं. तुले लावून देते, तासभर जवळ बसते."

"आधी आजीले लावा," खुशबू म्हणाली. "मी पाहीन."

वाचकहो, दुखणं कमी करायचं साधन हाताशी असताना "सहन करा" म्हणणं हा क्रूरपणाच आहे. आपल्याला कोणी सोसायला लावलं म्हणून आपण दुसऱ्याला सोसायला लावलं, तर त्याची झळ भलत्यालाच लागते.