वळणावरचा सौदा

दातांच्या डॉक्टरीणबाईंनी त्या गाडीचा ध्यासच घेतला होता. बुटकी, दोनच आसनांची, शर्यतीसाठी बनवलेली गाडी. कारखान्याने ती बनवणं कधीच बंद केलेलं. “पोरांना काय टपावर बसवणार?” नवरा चिडवायचा. बाई हसायच्या आणि पुन्हा शोधाला लागायच्या. कितीतरी गॅरेजांचे उंबरठे झिजवल्यावर ती एका म्हाताऱ्या शर्यतपटूच्या शेडमध्ये सापडली.

म्हातारबुवांनी मात्र नन्नाचा पाढा लावला. “सगळे शोभेला ठेवायला मागतात. पळणारी गाडी मी शोकेससाठी देणार नाही.”

बाईंनी पिच्छा सोडला नाही. दर रविवारी जात राहिल्या. अखेर एकदा म्हणाल्या, “काका, विकू नका. नुसते शेजारी बसा, मी चालवते.”

म्हातारा कुरकुरत बसला. टेकडीच्या उतारावर, ऐन वळणात मागची चाकं घसरली. बाईंनी ब्रेकला पाय लावला नाही. स्टिअरिंग सावरत, वेग जराही कमी न करता त्यांनी वळण काढलं.

“घाबरलीस?” म्हाताऱ्याने विचारलं.

“फार.”

“मग ब्रेक का नाही मारलास?”

“मारला असता तर आत्ता दोघंही दरीत असतो, काका.”

म्हातारा खो खो हसत सुटला. शेडपाशी उतरल्यावर त्याने किल्ली परत मागितलीच नाही. “किमतीचं माझ्या लेकीशी बोल,” तो म्हणाला. “पण रविवारी मला फिरवायला यायचं.”

बाईंनी मान डोलावली आणि गाडी घराच्या रस्त्याला लावली.