कुंकू लागलेली काळी वाटी

मित्रांनो, मी एक जुनी काचेची वाटी आहे, पण माझ्यात आजवर कुणी दहीभात कालवलेला नाही. मी आतून काळी आहे. म्हैसूरजवळ कडकोळच्या एका प्रयोगशाळेत विद्याश्री नावाच्या मुलीने मला मेणबत्तीच्या ज्योतीवर धरलं, काजळी धरू दिली आणि तिच्यावर पातळ रबराचा थर दिला. तेव्हापासून मी उजेडाचा आवाज करते.

खोटं वाटतं? भर उन्हात पत्र्याचं छप्पर तडतडतं, ते तुम्ही ऐकलं असेल. तापलं की ते फुगतं. माझंही तसंच. मी पाण्यात असताना मागून लेझरचा क्षणभराचा झोत आला की काजळी तापते, रबर फुगतं आणि पाण्यात आवाज उठतो. तो इतक्या उंच पट्टीतला की वटवाघळालाही ऐकू येत नाही. मी खोलगट आहे, म्हणून माझ्या सगळ्या अंगातून निघालेला आवाज पुढे एकाच ठिकाणी जाऊन भेटतो. ते ठिकाण केसाएवढं. तिथे जे असेल त्यावर आपटून तो परत येतो आणि पडद्यावर त्याचं चित्र उमटतं. उद्या शरीरातल्या बारीक रक्तवाहिन्या अशा दिसाव्यात आणि गाठ वेळेत कळावी, म्हणून विद्याश्रीची धडपड. तिच्या आईची, मालतीबाईंची, गाठ फार उशिरा दिसली होती.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी हे काम तपासायला डॉक्टर यायचे होते. पाण्यात शेजारी शेजारी ताणलेले दोन धागे पडद्यावर दोन दिसले, तरच हे काम पुढे जाणार होतं. एकच जाड रेघ दिसली, की संपलं.

आयुधपूजेला, म्हणजे खंडेनवमीला, प्रयोगशाळेत झेंडू आले, दारात कोहळा फुटला, सगळ्या यंत्रांना कुंकू लागलं. विद्याश्रीचे वडील दामोदरराव डबा घेऊन आले. ते शिंपी. त्यांच्या शिलाई मशीनला दर वर्षी मालतीबाई कुंकू लावायच्या. त्या जाऊन वर्ष झालं नव्हतं, म्हणून यंदा घरात सण नव्हता. प्रयोगशाळेतली मुलं बाहेर चुरमुरे खात बसली होती. स्टँडवर मी एकटीच कोरी राहिलेली दामोदररावांना दिसले. त्यांनी ओलं कुंकू बोटावर घेतलं आणि माझ्या बरोबर मध्ये टेकवलं. मला मिळालेला तो पहिला मान.

"अय्यो बाबा, हिला कुंकू कोण लावलं?" विद्याश्री दारातूनच आमच्याकडच्या कानडीमिश्रित मराठीत ओरडली.

"मीच की. सगळ्यांना लावलात, हिला एकटीला विसरलात, अल्वा?"

"विसरलो नाही! हिला हातच लावायचा नाही!"

दामोदरराव घाबरले. ती जवळ येईपर्यंत त्यांनी रुमालाने मला खसकन पुसलं. दुधावरची साय निघावी तसा माझा मधला थर रुमालाला चिकटून आला.

"सरी, आता डॉक्टरांना रुमालच दाखवू," तिच्याबरोबर काम करणारा गगन म्हणाला. कुणी हसलं नाही. नवी वाटी करून जुळवायला तेवढे दिवस नव्हते.

"तुझी आई असती तर आधी विचारली असती कणे," दामोदरराव हळूच म्हणाले.

उघड्या काचेतून झोत पाण्यात जाऊ नये म्हणून विद्याश्रीने माझ्या पाठीवर मधोमध एक काळा ठिपका चिकटवला आणि मला पाण्यात उतरवलं.

माझा मधला भाग मुका झाला होता. पण कड शाबूत होती. झोत आला, कडेकडेने आवाज उठला आणि, मित्रांनो, तो पूर्वीच्याच ठिकाणी जाऊन भेटला.

"दोन आहेत!" गगन ओरडला.

दामोदरराव पडद्यापाशी गेले. "मधलं गेलं तरी दिसतं?"

"दिसतं, बाबा. थोडं फिकं. पण दिसतं."

"आणखी एकदा दाखव."

तिने दाखवलं. ते बराच वेळ बघत राहिले.

डॉक्टरांनाही दोन धागे दोनच दिसले. काम चालू ठेवा, असं सांगून ते गेले. आता माझ्याहून चांगल्या वाट्या आल्या आहेत आणि मी कपाटात असते. त्याचं मला वाईट वाटत नाही. उजेडाच्या आवाजाची ही विद्या मोठी आहे, मी तिची पहिलीवहिली वाटी.

एवढंच सांगते. वस्तूंना मान जरूर द्या, पण त्यांना काय सोसतं ते आधी विचारून घ्या. आणि एखादी वस्तू मधोमध बिघडली, तर लगेच टाकू नका. तिची कड काय करते आहे, ते एकदा बघा.