बुआलाईचं मीठ

आमच्याकडे पावसाळ्यातला तीन महिन्यांचा वर्षावास लागला की निम्मं गाव साधू होतं. विहारात जायचं, थोरल्या भन्तेंसमोर हात जोडायचे आणि वर्षावास संपेपर्यंत दारूच्या थेंबाला शिवणार नाही म्हणून शब्द द्यायचा. संपला की दुसऱ्या दिवशी सगळी कसर भरून काढायची. खामफान दरवर्षी त्या दिवशी नेमका शेतावर असायचा. या वर्षी तो विहाराच्या पायऱ्या चढताना दिसला, तेव्हा लोकांना वाटलं, चुकून आला असेल. दारूतला त्याचा जोडीदार लुआन तर तिथंच म्हणाला, "जाऊन ये. संध्याकाळी बाटली उघडून ठेवतो."

खामफान आला होता तो बायकोसाठी. तसं कुणाला सांगितलं असतं, तर हसून हसून मेली असती माणसं.

आमच्यात जेवण म्हणजे चटई. मधे चिकट भाताची टोपली, भोवती वाडगी, आणि सगळ्यांचे हात त्याच वाडग्यांत. त्याची बायको बुआलाई मात्र खामफानपुढं सगळं मांडायची आणि आपलं ताट घेऊन मागच्या दाराच्या पायरीवर जाऊन बसायची. किती वर्षं, त्याला पत्ता नव्हता. पिणाऱ्याला कशाचा पत्ता असतो? नव्या वर्षाच्या सणाला त्यांची मुलगी पिकुन कारखान्यातून सुट्टी घेऊन आली होती. निघताना तिनं विचारलं, "बाबा, आई तुमच्याबरोबर का जेवत नाही, कधी विचारलंत तिला?" गाडी आली, ती गेली, आणि प्रश्न मागं राहिला. खामफाननं आपल्या अकलेनं उत्तर काढलं की तोंडाला वास येतो म्हणून बसत नसेल. सोडू. मग बसेल. एवढं एकच त्याला हवं होतं, बुआलाईनं चटईवर येऊन बसावं.

सोडणं सोपं, सुटणं नाही. पहिल्याच रात्री हातपाय लटलटायला लागले. घामानं चटई भिजली. मच्छरदाणीवर मुंग्या चढताहेत म्हणून तो झटकत बसला, आणि मुंगी तर एकही नव्हती. सकाळी शेजाऱ्याच्या ट्रॅक्टरवर टाकून त्याला तालुक्याच्या दवाखान्यात नेलं. इतकी वर्षं प्यायलेल्यानं दारू अशी एका दमात, कुणाला न विचारता सोडायची नसते, जीव जातो, म्हणून डॉक्टरनं झापलं. सलाईन लावलं, गोळ्या दिल्या. अंथरूण ओलं झालं तेही बुआलाईनंच बदललं. तिच्याकडं तोंड करून पडायचीही त्याला लाज वाटली.

पण अंग मोठं भाबडं असतं. एवढा छळ सोसून जरा मोकळीक मिळाली की लगेच कामाला लागतं. खामफानला झोप यायला लागली, खरी झोप. पायांची सूज उतरली आणि चपला ढिल्या झाल्या. डोळ्यांतला पिवळेपणा गेला. हात असे स्थिरावले की सुईत दोरा ओवून त्यानं जाळं शिवलं. मग नाक परतलं, आणि त्याला पहिला वास आला तो स्वतःच्या उशीचा. आंबट, कुजका. या वासाशेजारी बाई निजली कशी, या विचारानं तो उठला आणि उशी, गोधडी, मच्छरदाणी सगळं नदीवर नेऊन धुतलं. बायका बघून हसल्या. हसू देत.

जिभेचं मात्र काही खरं दिसेना. घरचं सगळं खारट लागायचं. डॉक्टर म्हणालाच होता की तोंडाची चव यायला वेळ लागेल, म्हणून तो गप्प खायचा आणि वर पाणी प्यायचा.

एवढं झालं तरी बुआलाई पायरीवरच. एकदा त्यानं हाक मारली, इथं ये की. ती म्हणाली, तुम्ही जेवा, मला इथं वारा लागतो. खामफानचं टाळकं सरकलं. दारू सोडली, गोधड्या धुतल्या, आता काय हिचे पाय धरू? त्या दिवशी तो लुआनच्या झोपडीपर्यंत जाऊन आला. आत गेला नाही, एवढंच.

मग पितरांच्या नावानं अन्नदान करायचा दिवस आला. घरोघरच्या बायका वाडगी घेऊन विहारात आल्या. भन्तेंचं झाल्यावर उरलेलं मधे ठेवून सगळे पंगतीला बसले. खामफाननं बांबूच्या कोंबांच्या आमटीत भाताचा गोळा बुडवला आणि तोंडात टाकला. आंबट होती. कडसर होती. मागून मिरची आली. मासा खाल्ला, तो गोड लागला. अरे, जीभ तर बरी झाली होती! केव्हाच बरी झाली होती.

तेव्हा त्याला दिसलं की एक वाडगं भरलेलं तसंच आहे. सगळ्यांचे हात त्याला वळसा घालून पलीकडं जात होते. वाडगं बुआलाईचं होतं, काठाला टवका उडालेलं. त्याला राग आला. लोकांना दाखवायला त्यानं मोठा घास घेतला, आणि मिठानं घसा जळला. रोजची घरची चव होती ती.

बाहेर पायऱ्यांवर चानमावशी भांडी घासत होती. बुआलाईची लहानपणापासूनची शेजारीण, तोंडाची फटकळ. तो तिच्याजवळ जाऊन बसला आणि विचारलं, हिच्या हाताला झालंय काय. लग्नात हिलाच तर बोलवायचे चुलीवर.

मावशीनं मान वर केली नाही. "तिच्या हाताला काय व्हायचंय? तुझ्या जिभेला झालं होतं. चव नाही म्हणून ओरडायचास. ती मीठ टाकायची. तरी चव नाही. आणखी टाकायची. एकदा उकळती आमटी अंगावर फेकलीस वाडग्यासकट, चव नाही म्हणून. दंडावरचा डाग बघितला नाहीस कधी?"

डाग त्यानं बघितला होता. तेल उडालं असेल, असं त्याला वाटलं होतं.

"आणि तिनं स्वतःसाठी वेगळी चूल पेटवायची होती का? तुझंच खाल्लं. आता तिच्या जिभेला तेच लागतं. रक्तदाबाच्या गोळ्या खाते, पाय बघ कसे भोपळ्यासारखे झालेत. तुझे बरे झाले म्हणे?"

खामफानला काहीएक आठवत नव्हतं, आणि त्याचीच सगळ्यात जास्त लाज वाटली. मारणारा विसरला, सोसणारी रोज त्याच वाडग्यात वाढत राहिली. पायरीवर वारा कसला लागतोय? ती दाराशी बसायची, कारण तिथून पळता येतं.

घरी येऊन त्यानं चूल पेटवली. बुआलाईला वाटलं, सुरू झालं पुन्हा. त्यानं सांगितलं, आज मी करतो. मासा साफ केला, चिंचेचा पाला टाकला, मीठ चिमूटभर. स्थिर हातानं चटई अंथरली, टवक्याचं वाडगं मधे ठेवलं आणि म्हणाला, "पिकुनच्या आई, माझ्याबरोबर बस. तुझ्या पायांची सूज उतरायला हवी."

ती आली. चटईच्या अगदी काठावर, दाराकडच्या बाजूला टेकली. भाताचा गोळा वळला, बुडवला, खाल्ला. आणि इतक्या वर्षांत जे कधी बोलली नव्हती ते तिच्या तोंडून निसटलं.

"चव नाही हो याला."

खामफाननं मिठाची वाटी तिच्याकडं सरकवायला हात पुढं केला. बुआलाईचा दंड झटकन तिच्याच तोंडासमोर आडवा आला. घास चटईवर पडला. दंडावरचा तो डाग आता त्याच्या डोळ्यांसमोर होता, तळहाताएवढा.

त्यानं आपला हात मागं घेतला आणि दोन्ही हात मांडीखाली दाबून बसला.

"पुन्हा म्हण," तो म्हणाला.

"चुकून गेलं तोंडातून. चांगलं झालंय."

"नाही झालं. चव नाही म्हण. मी हलत नाही इथून."

बाहेर कोंबड्या झाडावर चढत होत्या. आमटी निवली.

"चव नाही," बुआलाई म्हणाली. दंड मात्र तिनं खाली घेतला नाही.