येडबाचं खरं वय

परभणीच्या एका सरकारी खात्यात सत्यशीला आस्थापना शाखेत होती. जिल्ह्यात कोण कुठं नेमलेलं आहे, कुठली जागा रिकामी पडलीय, कोण कधी निवृत्त होणार, याचे तक्ते करायचं काम तिच्याकडं होतं. शाखेतले बाकीचे या कामाला वैतागायचे. सत्यशीला मात्र एकेक सेवापुस्तक गोष्टीच्या पुस्तकासारखं वाचायची. कुणाची बदली थेट जिंतूरला झाली, कुणी लग्नासाठी रजा काढली आणि दोनदा वाढवून घेतली, सगळं तिला पाठ.

शहाऐंशी सालच्या मे महिन्यात ती निवृत्तांची यादी तपासत होती. तीस जूनला साठ पुरे होणाऱ्यांत येडबा नावाचा शिपाई होता, चुडाव्याजवळच्या एका वाडीतल्या गुरांच्या दवाखान्यात. जन्म जून १९२६. नोकरीला लागला तेव्हा लग्न झालेलं नव्हतं, म्हणून वारसाच्या रकान्यात लिहिलं होतं, ‘थोरला भाऊ दत्तराव’. सत्यशीलाला आठवलं, या नावाचा माणूस याच खात्यात सेलूला आहे. तिनं कपाटातून त्याचंही पुस्तक काढलं. बापाचं नाव तेच, गाव तेच. जन्म १९३०.

हेडक्लार्क माणिकराव समोरच चहा पीत होते.

“काका, हे बघा की. धाकटा भाऊ थोरल्याच्या आधी चार वर्षं जन्मलाय.”

माणिकराव हसले. “कागदावर काय बी जन्मतंय, बाई. सोडा. त्याला निवृत्तीचं पत्र बी गेलं.”

पण सत्यशीलाला सोडवेना. तिनं येडबाचं पुस्तक पुन्हा उघडलं. पहिल्या पानाच्या मागं एक पिवळा, कुरकुरीत कागद चिकटवलेला होता, निजामाच्या वेळच्या शाळेचा, उर्दूत. तिला त्यातलं अक्षर कळेना. माणिकरावांचं शिक्षण मात्र उर्दूतच झालेलं. त्यांनी कप बाजूला सारला, चष्मा लावला आणि बोट फिरवत वाचलं, “तारीख-ए-पैदाइश… अमरदाद, तेराशे पंचेचाळीस फसली.”

अमरदाद म्हणजे आपला जून. त्या महिन्याच्या फसली सनात, म्हणजे निजामी राज्यातल्या सरकारी सनात, पाचशे एक्क्याण्णव मिळवले की इसवी सन येतो. सत्यशीलानं मिळवून पाहिले. १९३६.

“अरे अल्ला!” माणिकराव उठूनच उभे राहिले. “पुस्तक लिहिणाऱ्यानं एक्क्याण्णवच्या जागी एक्क्याऐंशी मिळवले की! माणूस पन्नाशीचा हाय अन् आपण त्याला साठीचा म्हणून घरी पाठवायलोय!”

त्या दिवशी दोघांनी अख्खं कपाट उपसलं. त्याच अक्षरातली सतरा पुस्तकं निघाली. त्यांतल्या आणखी तिघांची वयं अशीच दहा वर्षांनी फुगली होती.

साहेब होते भगवानराव, नियमाला पक्के. “नोकरी संपताना जन्मतारीख बदलता येत नाही, बाई. अशानं सगळेच तरुण होतील.”

“साहेब, तारीख बदलायचीच नाही,” सत्यशीला म्हणाली. “शाळेच्या कागदावर जी आहे तीच नीट उतरवायची आहे. बेरीज चुकली ती आपल्या माणसाची. त्यात येडबाचा काय दोष?”

भगवानरावांनी कागद खिडकीपाशी नेऊन उजेडात धरला. बराच वेळ धरला. मग म्हणाले, “माणिकरावांकडून भाषांतर घ्या. दत्तरावच्या पुस्तकाची नक्कल जोडा. मी वर पाठवतो.”

वरून मंजुरी आली ती तीस जूनच्या सकाळी. वाडीत फोन नव्हता, टपालाला चार दिवस लागले असते. साहेबांनी आदेशावर सही केली आणि सत्यशीला तो पर्समध्ये घालून गाडीत बसली. चुडाव्याला उतरून बैलगाडीनं वाडीवर पोचेपर्यंत दुपार झाली होती.

दवाखान्याच्या अंगणात सतरंजी अंथरलेली. निरोपाचा हार, नारळ, शेला तयार. आसपासचे मेंढपाळ आपापली जनावरं बाभळीखाली बांधून आले होते. खुर्चीवर येडबा बसला होता; डोक्यावर एक पांढरा केस नाही, पण निवृत्तीचं पत्र आल्यापासून त्याचे गुडघे दुखायला लागले होते. शेजारी सेलूहून आलेला दत्तराव, पिकल्या मिशांचा. “माझ्या आधी ह्यो म्हातारा झाला, काय म्हनावं,” असं तो ज्याला त्याला सांगत होता. बायको कासाबाई पदरानं डोळे पुसत होती.

सत्यशीलानं आदेश मोठ्यानं वाचला. कुणाला कळलं नाही. मग तिनं साध्या शब्दांत सांगितलं, “येडबामामा, तुमचं वय पन्नास आहे. तुमची नोकरी अजून दहा वर्षं आहे.”

येडबा हळूच म्हणाला, “पर बाईसाहेब, सरकारी कागुद हाय. खोटा कसा आसंल?”

“कागद खरा होता, मामा. आम्ही वाचला चुकीचा.”

कासाबाईचं रडं थांबलं. ती ताडकन उठली. “माझी माय सांगायची, तुज्यात अन् त्याच्यात चार वर्साचा फरक हाय. ह्यो बाबा कागुद दावून म्हनायचा, चौदा! वीस वर्सं झाली, मी मायवर रुसून बसलेय, की थेरड्याला दिलं म्हनून!”

अंगणात जे हसू फुटलं ते आवरेना. दवाखान्याचे डॉक्टर खुर्चीतून घसरायचे राहिले. येडबा आधी हसला, मग एकदम खुर्चीतून उठला, दत्तरावाच्या पाया पडला आणि म्हणाला, “दादा, आता कागदावर बी तू थोरला.”

“लय उपकार झाले,” दत्तराव म्हणाला आणि त्यानं येडबाला छातीशी धरलं.

एवढ्यात एक मेंढपाळ पुढं आला. त्याची शेळी सकाळपासून विताना अडली होती. समारंभ उरकण्याची तो वाट पाहत होता. येडबानं बाह्या सरसावल्या आणि तो डॉक्टरांच्या मागून बाभळीकडं निघाला. गुडघ्यांचं नावही नाही.

शिजलेलं वाया कसं जाणार? पंगत बसली. हार कुणाच्या गळ्यात घालायचा, यावर वाद झाला आणि कासाबाईनं तो सत्यशीलाच्याच गळ्यात घातला. ती लाजून लाल झाली, पण तिनं तो काढला नाही. संध्याकाळच्या पॅसेंजरमध्ये लोक तिच्याकडं बघत राहिले आणि ती खिडकीतून बाहेर बघत एकटीच हसत राहिली.

दुसऱ्या दिवशी माणिकरावांना तिनं सगळं साग्रसंगीत सांगितलं. ते डोळ्यांतून पाणी येईस्तोवर हसले. मग दोघांनी उरलेल्या तिघांचे कागद पुढ्यात ओढले.